चपला दुसऱ्या टोकाला

वेळदांड्याच्या बंदर मोहल्ल्यात नाखुदांची माडी आहे आणि माडीमागे समुद्रापर्यंत उतरत गेलेली त्यांची वाडी. परक्या माणसाला हे सांगताना एक खुलासा करावा लागतो. वाडी म्हणजे वाडा नव्हे. वाडा दगडामातीचा; वाडी पोफळींची, माडांची, पाटाच्या पाण्याची. पुण्याकडची मंडळी 'वाडा कुठाय?' असं विचारत यायची आणि अनंता त्यांना वाडी दाखवायचा. त्यांची निराशा व्हायची. अनंताला ती कळायची नाही, कारण वाडी समोर असताना कोणाला वाडा कशाला हवा, हे त्याला खरोखरच उमगत नव्हतं.

अनंता त्या वाडीचा राखणदार. एकोणिसाव्या वर्षी आला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही तिथेच होता. मधल्या काळात त्यानं काय केलं, असं कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "झाडावर व्हतो." हे उत्तर लोकांना उडवाउडवीचं वाटे. ते शब्दशः खरं होतं.

पोफळ हे झाड माणसाच्या सोयीनं वाढत नाही. चाळीस-पन्नास फूट सरळ वर जातं, मधे एक फांदी देत नाही आणि सुपारी धरतं ती अगदी शेंड्याखाली. म्हणजे पाडायची तर प्रत्येक झाडावर चढणं आलं. नाखुदांच्या वाडीत सहाशे चाळीस पोफळी होत्या. सहाशे चाळीस वेळा चढायचं आणि तितक्याच वेळा उतरायचं म्हटलं तर हंगाम सरेल आणि माणूसही. म्हणून किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांनी त्यातलं उतरणंच काढून टाकलं. पायात काथ्याचा वेढा, पाठीमागे आकडीत कोयता. माणूस पहिल्या झाडावर चढतो, घड तोडून खाली सोडतो आणि मग शेंड्याला धरून अंगानं झोके घ्यायला लागतो. झाड वाकतं, परत येतं, आणखी वाकतं. शेजारच्या झाडाचा शेंडा हाताशी आला की तो धरायचा, पाय सोडायचे आणि पलीकडचे व्हायचे. हे लिहायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्यात अनंता तिसऱ्या झाडावर असायचा.

सकाळी तो विहिरीजवळच्या झाडावर चढायचा आणि जेवणवेळेला समुद्राकडच्या फाटकाशी उतरायचा. मधले चार तास पाय जमिनीला लागायचे नाहीत. यात एकच अडचण होती. चपला विहिरीजवळ राहायच्या.

लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात तो तापलेल्या वाळूतून अनवाणी परत आला, ते त्याच्या बायकोनं, रंगूनं, पाहिलं. ती खाली पडलेली सुपारी वेचायला असायची. दुसऱ्या दिवशी तो फाटकाशी उतरला तर चपला तिथे होत्या, बाहेरच्या बाजूला तोंड करून. तेव्हापासून तो वरून जायचा आणि ती खालून चपला घेऊन जायची. तो कुठल्या रांगेतून वळेल आणि कुठे उतरेल हे तिला खालून शेंड्यांच्या हलण्यावरून कळायचं. एवढ्या वर्षांत ती दोनदाच चुकली आणि दोन्ही वेळा चूक अनंताची होती, असं ती म्हणते. एकदा तो झाडाझाडांवरून नकळत शेजारच्यांच्या वाडीत गेला होता. त्यांच्या दोन झाडांची सुपारी पाडून झाल्यावर खालून शिव्या ऐकू आल्या, तेव्हा त्याला हद्द कळली. वरती कुंपण नसतं.

मालक मोहम्मदशेट नाखुदा खाली खुर्ची घेऊन बसायचे. अनंता पुढे सरकला की खुर्चीही पुढे सरकायची. मान वर न करता ते विचारायचे, "अनंता, वरनं काय दिसतंय रे?"

"झाडं."

"आणखी?"

"आणखी झाडं, शेट."

हा विनोद एकवीस वर्षं चालला. दोघांपैकी कोणीही त्यात एक अक्षर बदललं नाही. २०१८ साली शेट गेले तेव्हा मयतीला आलेल्यांनी त्यांच्या दानधर्माच्या, आजोबांच्या गलबतांच्या, मलबारहून आणलेल्या सागवानाच्या गोष्टी सांगितल्या. अनंताला सांगण्यासारखं काही सुचलं नाही.

दोन वर्षांनी, जूनच्या तीन तारखेला, वादळ आलं. त्याचं नाव निसर्ग होतं. पंचनाम्यात 'निसर्गामुळे झाडे पडली' असं लिहिलं गेलं आणि लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. चार तासांनी अनंता बाहेर आला तेव्हा पोफळी एकाच दिशेला डोकं करून, पंगतीत पत्रावळी मांडाव्यात तशा शिस्तीत आडव्या होत्या. उभी राहिली तेवीस झाडं. तीही इथे एक, तिथे एक. शेजारीशेजारी अशी फक्त दोनच उरली, विहिरीच्या अंगाला.

त्या पावसाळ्यात अनंतानं आणि रंगूनं ओंडके ओढून काढले आणि सहाशे सतरा रोपं लावली. झाड जिथे पडलं होतं, त्याच जागी रोप. सावलीला मधे केळी. एके दिवशी शेतीतला एक जाणकार माणूस सल्ला द्यायला आला. सल्ला चांगला होता.

"काका, इतकं जवळ नका लावू. बारा-बारा फुटांवर घ्या, मधे जायफळ लावा."

"बारा फुटांवर हात न्हाय पोचायचा."

"कोणाचा?"

"चढणाऱ्याचा."

"वीस वर्षांनी कोण चढणार आहे, काका?"

अनंताचा मुलगा विनेश रोह्याला कंपनीत होता आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पाहिलं तरी त्याला गरगरायचं. गावात झाडावरून झाडावर जाणारे आणखी दोघे होते. त्यातला एक गेला होता आणि दुसरा रिक्षा चालवत होता. सुपारी खालून तोडायला लांब काठीचं हत्यार आलं होतं. अनंताला हे सगळं ठाऊक होतं. तरी त्यानं कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक हात, असे सहा हात मोजले आणि रोप लावलं. असं सहाशे सतरा वेळा. वाडीतलं अंतर सहा हातच असतं. तेवढ्यावरूनच झोका घेऊन पलीकडे जाता येतं. कमी असेल तर झाडं एकमेकांना मारतात, जास्त असेल तर माणूस मधल्यामध्ये राहतो.

जाणकार माणसानं वहीत काहीतरी लिहिलं आणि तो गेला.

रोपं वाढली. पाचव्या वर्षी ती माणसाच्या दुप्पट उंच झाली आणि खाली सावली पडायला लागली. आणखी वर्ष-दोन वर्षांत पहिली पोय येणार होती. पोय म्हणजे सुपारीचा फुलोरा. तो म्यानातून तलवार निघावी तसा पानाच्या पोटातून निघतो. अनंताला आयुष्यात आता दुसरं काही बघायचं राहिलं नव्हतं. ती झाडं धरलेली बघायची, एवढंच.

त्या दिवाळीत शारजाहून हुझैफाचा फोन आला. हुझैफा हा शेटांचा मुलगा. बाप होता तोवर वर्षाआड यायचा.

"चाचा, खैरियत?"

"हाय बाबा. वाडी बरी हाय."

"चाचा, एक बोलायचं होतं. आमच्यातलं आता कोणी तिथे राहायला येणार नाही. मुलांना तर गावाचं नावसुद्धा नीट घेता येत नाही. लोक विचारतायत जागेला. मी सगळ्यांना नाही म्हणतो. पण कशासाठी म्हणतो, तेच मला कळेनासं झालंय."

अनंतानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक तेजस्वी म्हणून बाई आहेत, अलिबागच्या. जुनी घरं आणि बागा बघायच्या सहली काढतात. त्यांच्या यादीत आपलं घर आलं तर मी विकायचा विषय काढणार नाही. अब्बांचं नाव राहील. नाही आलं तर नुसती कौलं बदलत बसायची का आपण?"

अनंतानं हे रंगूला सांगितलं.

"यादीत आलं तर वाडी रहाते."

"आणि न्हाय आलं तर?"

"न्हाय रहात."

"मंग येऊ दे की यादीत," रंगू म्हणाली. यादी जणू माजघरातल्या फळीवर होती आणि अनंता आळसानं ती काढत नव्हता.

तेजस्वीची 'वेळदांड्याची घरं आणि बागा' ही सहल थंडीत दर रविवारी सकाळी निघे. तेव्हा तिच्यात सहा ठिकाणं होती. पहिल्या घरात कोणी राहत नव्हतं. दुसऱ्याच्या रंगीत काचा तशाच होत्या आणि त्यांच्याखाली मोबाइलचं दुकान होतं. तिसऱ्या घराच्या बागेत, बाग बघायला येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या राहत. पाचवं घर भावाभावांच्या कज्ज्यामुळे कुलूपबंद होतं, ते बाहेरूनच दाखवत. आणि अभिप्रायाच्या वहीत लोकांना सर्वांत जास्त तेच आवडलेलं दिसे. सातव्या जागेचा शोध चालू होता.

तेजस्वी डिसेंबरात छापील कागद घेऊन आली. तिशीची, आर्किटेक्ट, उन्हानं रापलेली, बोलायला सरळ. माडी बघून झाली. खाली वाडीत आल्यावर तिनं पेन काढलं.

"अनंताकाका, बागेतलं सगळ्यात जुनं झाड कुठलं?"

"ही दोन. साठेक वर्षांची असतील."

"अशी जुनी किती?"

"तेवीस."

"आणि ही बाकीची?"

"पाच वर्षांची."

तेजस्वीनं पेन थांबवलं. "मग काका, बाग ऐतिहासिक आहे असं कसं लिहू?"

अनंतानं थोडा विचार केला. मग तिला दोन लहान पोफळींच्या मधे नेऊन उभं केलं. स्वतः एका झाडाला पाठ लावून दुसऱ्याकडे हात लांब केला.

"ही जुनी हाय."

"कुठली?"

"ही मधली जागा."

मग त्यानं तिला झोक्याचं सांगितलं, सहा हातांचं सांगितलं, चपलांचंही सांगितलं. बाई हुशार होती. तिनं पिशवीतून टेप काढला आणि आठ-दहा ठिकाणी मापून पाहिलं. नऊ फूट, नऊ फूट एक इंच, पावणेनऊ. कागदात 'घराचे वय', 'झाडांचे वय', 'सर्वांत जुने झाड' असे रकाने होते. 'अंतर' असा रकाना नव्हता. तिनं ते समासात लिहिलं, बारीक अक्षरात, कागद आडवा करून.

"आता कोणी असं जातं का, झाडावरून झाडावर?"

"त्याला दोन झाडं लागतात."

"ही विहिरीजवळची आहेत ना दोन?"

"व्हय. ती हायेत."

"तुम्ही दाखवाल? एकदाच. लोकांनी बघितलं तर मला कोणाला समजावायला नको."

संध्याकाळी रंगू म्हणाली, "अवो, अठ्ठावन्न झाली. माकडं बी ह्या वयात खाली बसून दुसऱ्याकडनं मागून खातात."

"एकदाच जायचं हाय."

"पडायला बी एकदाच लागतं."

"यादीसाठी म्हनतोय."

"कळलं. चपला कुठं ठेवायच्या ते सांगा."

जानेवारीतल्या रविवारी बत्तीस माणसं आली. बहुतेकांच्या डोक्यावर टोप्या, हातात पत्रक. पत्रकात सातव्या क्रमांकावर, तूर्त तात्पुरतं, 'नाखुदांची माडी व वाडी' आणि खाली जाड अक्षरात 'झाडावरून झाडावर' असं होतं. अनंतानं विहिरीजवळच्या झाडाखाली चपला काढल्या. तेजस्वीनं कोयता नेऊ नका म्हणून सांगितलं होतं, खाली लहान मुलं असतील. त्यामुळे आकडी रिकामीच होती. नुसतंच चढायचं म्हटल्यावर त्याला वर जाताना उगाच चोरट्यासारखं वाटलं.

रंगूनं चपला उचलल्या आणि सहा हातांवर दुसऱ्या झाडाखाली नेऊन ठेवल्या. इतक्या जवळ तिनं त्या कधी नेल्या नव्हत्या.

वर गेल्यावर त्यानं शेंडा धरून अंग मागे टाकलं. झाडानं थोडा वेळ ओळख दिली नाही. पाच वर्षं त्यावर फक्त कावळे बसत होते. दुसऱ्या झोक्याला ते करकरलं. तिसऱ्याला वाकलं. चौथ्याला पलीकडचा शेंडा समोर आला, अगदी पूर्वी यायचा तसा, बोलावल्यासारखा. अनंतानं हात टाकला, पाय सोडले आणि तो पलीकडे होता.

खालून टाळ्या आल्या. त्यानं एवढ्या वर्षांत हे काम केलं होतं आणि त्यावर कोणी टाळी वाजवली नव्हती. त्याला वाटलं, काहीतरी पडलं असावं.

"काका, सॉरी हां!" टोपीवाल्यांतला एक ओरडला. "माझा फोन लॉक झाला होता. परत एकदा, प्लीज?"

तो परत पहिल्या झाडावर गेला. रंगूनं चपला परत पहिल्या झाडाखाली आणल्या. मग एका बाईंना मागे समुद्र येईल असा हवा होता. तो पुन्हा गेला. यावेळी रंगू चपला हातात धरून दोन झाडांच्या बरोबर मधे उभी राहिली.

"कुठं उतरनार ते एकदा ठरवा!" ती खालून म्हणाली, आणि लोक खूप हसले. तेही सगळ्यांच्या फोनमध्ये आलं.

ते चित्रण पुढे किती लाख लोकांनी पाहिलं याचा आकडा विनेशनं फोन करून सांगितला होता. अनंताला तो लक्षात राहिला नाही. फेब्रुवारीत यादी पक्की झाली. नाखुदांची माडी व वाडी सातव्या क्रमांकावरून पहिल्यावर आली होती. हुझैफाचा निरोप आला, त्याच्या आवाजात:

"चाचा, माशाल्लाह! इकडे माझ्या ऑफिसातल्या मल्याळी लोकांनी सुद्धा व्हिडिओ बघितला. म्हणतात, आमच्याकडे पण असे चढतात. मी म्हटलं, हे माझ्या अब्बांच्या वाडीतले आहेत! चाचा, जागेला नाव आलं बघा."

अनंतानं तो निरोप रंगूला दोनदा ऐकवला.

"मंग झालं की," रंगू म्हणाली. त्या रात्री तिनं तांदळाच्या भाकरीबरोबर सुकट केली आणि दोघं नेहमीपेक्षा एकेक भाकरी जास्त जेवली. याहून मोठा समारंभ त्या घरात होत नसे.

मार्चमध्ये विहिरीपासून चौथ्या रांगेतल्या एका पोफळीला पहिली पोय आली. एक वर्ष आधीच. अनंतानं कोणाला सांगितलं नाही. दृष्ट लागते म्हणून नव्हे, तर रोज सकाळी एकट्यानं जाऊन बघायला बरं वाटत होतं म्हणून.

एप्रिलच्या सुरुवातीला फाटकाशी पांढरी गाडी थांबली. पनवेलचा केतन नावाचा माणूस उतरला. वय चाळीसच्या आत, पायात पांढरेशुभ्र बूट, वागायला अत्यंत लाघवी. त्यानं अनंताच्या पाया पडायला वाकून दाखवलं.

"काका, तुम्हाला मी किती वेळा बघितलंय! आपला रिसॉर्ट इथे करायचा ठरला तो तुमच्यामुळे."

अनंतानं हुझैफाला फोन लावला.

"चाचा, मी आजच करणार होतो. ऐका, विकलं म्हणजे मोडलं असं नाही."

"यादीत आलं तर विकनार न्हाय म्हनला व्हता, बाबा."

"यादीत आलं म्हणून तर गिऱ्हाईक आलं, चाचा." हुझैफाच्या आवाजात लबाडी नव्हती. त्याला हे इतकं सरळ दिसत होतं की दुसऱ्याला का दिसत नाही याचंच त्याला नवल वाटत होतं. "घर यादीतच राहणार. अब्बांच्या नावाची पाटी लागणार. आणि मी अट घातलीय, झाडं तोडायची नाहीत. तेजस्वीताईंनीच कलम लिहून दिलं. तुमचं काम पण राहणार. बघा, सगळं राहतंय."

सगळं राहत होतं हे खरं. केतननं कलम वाचून दाखवलं. 'वाडीतील सर्व जुनी झाडे आहेत त्या स्थितीत व त्या जागी राखण्यात यावीत.' मग तो वाडीतून हिंडला आणि जुन्या झाडांना क्रमांकाचे पत्रे ठोकायला सांगून आला. एक ते तेवीस.

"आणि ही?" अनंतानं विचारलं.

"ही केळी-बिळी काढून टाकू. इथे लॉन. लोकांना बसायला पाहिजे ना, तुम्हाला बघायला? आत्ता समोर हे सगळं मधे मधे येतं."

"ही केळी न्हायत. पोफळी हायेत."

"हो, तेच. छोटी आहेत ना अजून."

"पुढल्या वर्षी धरतील."

"काका," केतन मायेनं म्हणाला, "सुपारी काय, बाजारात मिळते."

अनंतानं तेजस्वीला फोन केला. तिला करायचा धीर एरवी झाला नसता. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, मी 'जुनी' असं लिहिलं. म्हणजे... मला वाटलं, त्या शब्दानं सगळं वाचेल. छापील कागदात जे होतं त्यावरून ते कलम केलं."

"तुमी मधल्या जागेचं लिवलं व्हतं ना. कागद आडवा करून."

"हो."

"मंग?"

"ते समासात होतं, काका. समास करारात येत नाही."

ती रडते आहे असं अनंताला वाटलं, म्हणून त्यानंच तिची समजूत काढली आणि फोन ठेवला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात जेसीबी आला. वादळाला चार तास लागले होते. जेसीबीनं दोन तासांत आटोपलं. झाडं लहान होती, जमीन मऊ होती आणि सगळी सरळ रांगेत असल्यामुळे वळावंही लागत नव्हतं. चालवणाऱ्यानं तसं बोलूनही दाखवलं. "लाइन भारी लावलीय, काका. पटापट होतं." पाच वर्षांत अनंताच्या लागवडीचं हे पहिलंच कौतुक.

चौथ्या रांगेशी यंत्र पोचायच्या आत रंगू गेली आणि पोय कापून घेऊन आली. पत्र्याच्या डब्यात पाणी घालून तिनं ती दारात ठेवली. चार दिवस तिला वास होता.

कराराचा भंग कुठेही झाला नाही. तेवीस जुनी झाडं आहेत त्या स्थितीत व त्या जागी राहिली. त्यांच्याभोवती हिरवळ आली आणि हिरवळीवर वेताच्या खुर्च्या. पोफळ हे एकट्यानं उभं राहण्याचं झाड नाही, हे कोणी विचारलं नव्हतं आणि कलमात ते लिहिण्यासारखंही नव्हतं. चारी बाजूंनी झाडं असली की वारा वाटला जातो. जुलैत एका साध्या वाऱ्यानं, ज्याला नावसुद्धा नव्हतं, बारा क्रमांकाची पोफळ मधोमध मोडली. विहिरीजवळच्या जोडीतली एक. तिचा पत्रा केतननं नियमाप्रमाणे जपून ठेवला.

डिसेंबरात सहली पुन्हा सुरू झाल्या. पत्रकं मागच्या हंगामात, यादी पक्की झाल्यावर, जास्त छापली होती. त्यात पहिल्या क्रमांकावर 'झाडावरून झाडावर' तसंच होतं. तेजस्वी आता त्या ठिकाणी पत्रक वाचून दाखवत नसे, नुसती बाजूला उभी राहत असे. अनंताला रिसॉर्टचं नाव असलेला शर्ट आणि पिवळं हेल्मेट मिळालं होतं. पडला तर डोकं शाबूत राहावं अशी ती व्यवस्था. विनेश म्हणाला होता, "बाबा, सोडा ना, इकडे या." अनंतानं विचारलं, "तिकडं काय करू?"

रविवारी सकाळी अनंता अकरा क्रमांकाच्या झाडाशी आला. चपला काढल्या, पायात वेढा घातला आणि चढला. खुर्च्यांवरून लोक बघत होते. वर पोचल्यावर सवयीनं त्याचं अंग मागे गेलं. झाड वाकलं, परत आलं, आणखी वाकलं. चौथ्या झोक्याला ते पूर्वी जिथवर जायचं तिथवर बरोबर गेलं, क्षणभर थांबलं, आणि तिथे काही नव्हतं म्हणून परत आलं.

"काका, दुसऱ्या झाडावर कधी जाणार?" खालून एकानं पत्रक हलवत विचारलं.

अनंतानं ऐकलं नाही किंवा ऐकल्यासारखं केलं नाही. झाड हळूहळू थांबत होतं. खुर्चीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, बहुधा त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, हात तोंडाशी धरून हाक दिली:

"अहो, वरून काय दिसतंय?"

यावर त्यानं मान वळवली. विहीर दिसत होती. हिरवळ, क्रमांकाचे पत्रे, गाड्या उभ्या करायची जागा, माडीची नवी कौलं, मोहल्ल्याचा रस्ता, पाचव्या घराचं कुलूप, धक्का, खाडी, पलीकडचा किनारा. मधे कुठेही नजर अडत नव्हती.

"सगळं दिसतंय," अनंता म्हणाला.

लोकांना ते आवडलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगू रिसॉर्टच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात नारळ सोलत बसली होती. टाळ्या ऐकून ती उठली, हात पुसले, शेंडा कुठे हलतोय ते पाहिलं आणि परत खाली बसली.

अनंता उतरला. हेल्मेट काढून काखेत धरलं आणि पायानं चाचपलं. चपला जिथे काढल्या होत्या तिथेच होत्या.